शीग

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
अराबा क्वान्सा केप कोस्टच्या बाजारात येते.
पिशवीत फॉर्म, दोन पेनं
आणि तळहाताएवढा वजनकाटा.
विकत घ्यायची यादी नसते,
तरी भाव विचारत फिरते:
गारीचा डबा, धुरावलेली मासळी, रॉकेल,
गणवेशाची शिलाई, न्हाव्याची हजामत.

अकरा वर्षांपूर्वी
साहेबांनी फळ्यावर टोपली काढली होती.
म्हणाले, एक घर धर, जे देशात कुठेच नाही.
त्यात साडेतीन माणसं राहतात,
शंभरातले बेचाळीस पोटात घालतात,
बाकीचे भाड्यात, प्रवासात, औषधात, कपड्यांत.
मासळी दुप्पट झाली तर टोपली कलते,
टाचणी दुप्पट झाली तर टोपलीला कळतही नाही.
ही टोपली भरायला तेव्हा शंभर लागायचे;
आज किती लागतात, एवढंच आण.
तुझं मत तुझ्यापाशी ठेव.

ती आणत गेली.

आबा यान्काच्या केंकीचा भाव मात्र हलायला तयार नाही.
(आबा हे आपल्याकडे म्हाताऱ्या पुरुषाचं नाव,
तिथे गुरुवारी जन्मलेल्या बाईचं.)
आंबवलेल्या मक्याचा गोळा, केळीच्या सुक्या पानात बांधलेला,
गेल्या वर्षी पाच सेडी, आजही पाच.
फक्त गोळा
न्हाणीतल्या साबणासारखा झिजत चाललेला.
शेजारच्या गारीचंही तेच.
डबा जुनाच, चेपलेला;
वर जी शीग असायची, डोंगरासारखी,
ती बसली. आधी टेकडी झाली,
मग हाताने सपाट केलेलं मैदान.
भावाला रकाना आहे.
शिगेला नाही.
म्हणून काटा.

रेडिओवर मागच्या आठवड्यात सांगितलं, महागाई उतरली.
आबा पान सोलता सोलता म्हणाली,
मग मका कुठे उतरला?
अराबा म्हणाली, भाव नाही उतरले,
चढायचा वेग उतरला.
आबा एवढी हसली की गिऱ्हाईक थांबून राहिलं.
म्हणजे माझा धाकटा, ती म्हणाली,
आता वर्षाला बोटभरच वाढतो,
म्हणून काय तो बुटका झाला?
त्याच्या चपला मलाच घ्याव्या लागतात ना!
अराबाने हे लिहून घेतलं नाही.
तशी सोय नव्हती.

त्या मंगळवारी गोळा भरला तीनशे वीस.
मागच्या महिन्यात तीनशे वीस, त्याआधीही.
सगळा बाजार झिजतोय
आणि ही एक बाई जागच्या जागी?
अराबाने पाच सेडी मोजून
बर्फ विकणाऱ्या एका पोराच्या हातात दिले.
जा, तिच्याकडून एक आण. माझं नाव काढू नकोस.

पोराचा गोळा भरला दोनशे ऐंशी.

तिने काटा पुसला, पुन्हा ठेवला.
दोनशे ऐंशी.

म्हणजे किती महिने, कोण जाणे,
आबा तिच्यासाठी मोठा गोळा बाजूला काढत होती,
आणि राजधानीतल्या कुठल्याशा इमारतीत
ते साडेतीन माणसांचं घर
चाळीस ग्रॅम जास्त जेवत होतं.

आबाला नियम ठाऊक नव्हते.
तिला एवढंच ठाऊक होतं
की ही बाई उन्हात चालते, सगळ्यांना भाव विचारते,
आणि कुणी तिला बसायलाही सांगत नाही.

अराबाने दोनशे ऐंशी लिहिलं.
शेरा: "नमुना बदलला."
मागच्या महिन्यांचं काय करायचं
ते साहेबांना विचारावं लागेल,
विचारलं तर कारण सांगावं लागेल.

मग पान सोडवून तीनशे वीसवाला गोळा
तिने मिरचीच्या ठेच्यात बुडवून खाल्ला,
तिथेच, आबाच्या बाकावर.
पोराला दुसरा दिला.
तो म्हणाला, तुमचा मोठा होता.

हो, ती म्हणाली. होता.